दिपमाला झोपणारच

माझ्या पूर्ण नोकरीत माझ्या हातून एकही अपघात झाला नाही. हे मी कुणालाही सांगतो, विचारलं नाही तरी सांगतो. जळगाव डेपोत माझ्याहून चांगली गाडी चालवणारे होते, माझ्याहून देखणे तर पुष्कळच होते, पण विनाअपघात म्हटलं की नवल ड्रायव्हर. एस.टी.तून निवृत्त होताना फेटा बांधला, नारळ दिला आणि साहेबांनी माझं आडनाव चुकीचं घेतलं. मी तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं. मान आपला आहे, तर तो नीट आपल्याच नावावर पडला पाहिजे.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे बाळंतिणीच्या खोलीची गोष्ट आहे आणि तिथे या म्हाताऱ्याचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. आमच्या अक्कालाही तेच वाटलं होतं.

माझी एकुलती एक मुलगी दिपमाला. तिची आई रूपा ती शाळकरी असतानाच गेली. मी आज औरंगाबाद, उद्या सुरत. पोरीला सांभाळणार कोण? तेव्हा एरंडोलजवळच्या खेड्यातून माझी थोरली बहीण तानुबाई, म्हणजे आमची अक्का, आली. स्वतःचं घर, स्वतःचा पोरगा निंबा, सगळं सांभाळून ती वर्षानुवर्षं ये-जा करत राहिली. दिपमालेच्या वेण्या तिने घातल्या, ताप तिने उतरवले, लग्नात आईच्या जागी तीच उभी राहिली. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. दिपमालेच्या तोंडी फुई म्हणजे आईच.

आणि पोरगी कशी, तर गरीब गाय. मला या गोष्टीचा फार राग यायचा. भाजीत मीठ जास्त झालं तरी खाईल, दुकानदाराने जुनी नोट दिली तरी घेऊन येईल. मी म्हणायचो, बाई, कधीतरी हॉर्न वाजव! ती नुसती हसायची. लग्न होऊन धुळ्याला गेली, तिथे शाळेत शिकवायला लागली, तरी तशीच. जावई योगेंद्र भला माणूस मिळाला म्हणून मी निश्चिंत होतो.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी, जळगावातल्या मेहरूणला आली. ऐन उन्हाळ्यात, जळगावचे रस्ते पायाला चटके देत होते तेव्हा मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, भरल्या अंगाची, आवाज असा की वॉर्डातली बाकीची बाळं तिचं ऐकून गप्प बसत. मी नर्सला म्हणालो, आवाज आमच्या घराण्याचा आहे. मयुरी सिस्टर म्हणाली, "दिसतंच आहे, आबा. जरा हळू बोला."

घरी आणल्यावर अक्काने खोलीचा ताबा घेतला. खिडक्या बंद. कूलर बंद, कारण "पोरले वारा लागी." बाळाच्या डोक्यावर टोपडं, पायात मोजे, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं वेखंड, डोक्याखाली मोहरीची उशी आणि वरून गोधडी. गोधडी अक्काने स्वतः शिवलेली. रूपाची दोन लुगडी आत घातली होती, म्हणून मी त्या गोधडीवर काही बोललो नाही. पण त्या खोलीत पाय ठेवला की घाम फुटायचा.

आणि अक्काचा सगळ्यात मोठा कायदा म्हणजे पाजायचं ते बसूनच. दिवसा असो की रात्री. बैठकीतला सोफा तिने माझ्याकडून आत ओढून घेतला, त्याच्या कोपऱ्यात लोड लावले, मांडीवर उशी, पाठीला उशी, खांद्यावरून गोधडी. त्या घरट्यात दिपमालेने बसायचं आणि पाजायचं.

"आडी पडीसन पाजशी तं पोरना कानमा दूध जाई," अक्का रोज बजावायची. "बठीसनच पाज."

दिपमाला मान डोलवायची. बाळ दर थोड्या वेळाने उठायचं, रात्र रात्र तेच. सकाळी ती चहाला बाहेर यायची तेव्हा मी तिच्याकडे बघायचो. कप हातात धरून ती समोरच्या भिंतीकडे बघत असायची. डोळे उघडे. मी "दिपा" म्हणालो की दुसऱ्या हाकेला "अं?" यायचं.

हे "अं" मला ओळखीचं होतं. रात्रीच्या गाडीवर आम्ही त्याला झापड म्हणायचो. लोकांना वाटतं झोप आली की डोळे मिटतात, मान पडते, घोरायला होतं. तसं नसतं. झापडीत डोळे उघडे असतात, हात स्टिअरिंगवर असतात, पाय जागच्या जागी असतात आणि माणूस गेलेला असतो. परत येतो तेव्हा त्याला वाटतं मी जागाच होतो. माझ्या ओळखीचे दोन जण असेच गेले. चांगले ड्रायव्हर होते, निर्व्यसनी होते. त्यांना झोपेवर आपली हुकमत आहे असं वाटायचं, एवढीच त्यांची चूक.

मला हे दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं. बापाने लेकीशी पाजण्याबद्दल बोलायचं म्हणजे आमच्याकडे जिभेला लकवा भरतो. बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर मी खाकरायचो आणि बाहेरूनच नातीला हाक मारायचो. रूपा असती तर तिच्या कानात घातलं असतं, तिने पुढचं बघितलं असतं. आता मधे कुणी नव्हतं. मी गच्चीवर जाऊन चिडचिड करत पाण्याची टाकी तपासून यायचो.

मग ती दुपार आली. अक्का मागच्या दारी बाळंतशेपा निवडत होती. घरात चिडीचूप होतं. एरवी अशा वेळी नात चुटूचुटू आवाज करते, किरकिरते, आईचं गुणगुणणं कानावर येतं. त्या दिवशी काहीच नाही. मी दारातून खाकरलो. उत्तर नाही. पुन्हा खाकरलो. मग न विचारता आत गेलो.

दिपमाला सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेली, मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं. हात मात्र बाळाला धरल्यासारखेच गोल होते. त्या हातांत बाळ नव्हतं. बाळ मांडीवरच्या उशीवरून घसरून तिचं अंग आणि लोड यांच्या फटीत गेलं होतं, आणि तोंड गोधडीच्या घडीत खुपसलेलं होतं.

मी उचललं. कसं उचललं ते मला आठवत नाही. लालबुंद झालेलं, घामाने निथळलेलं पोर. पहिला श्वास ऐकू येईपर्यंत माझ्या छातीत जे झालं ते मी कुणाला सांगणार नाही. मग तिने असा टाहो फोडला की मागच्या दारची अक्का शेपा टाकून धावत आली. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही.

दिपमाला दचकून उठली. आधी तिने आपल्या रिकाम्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती रडली नाही. ओठ पांढरे पडले होते.

"नवल, तू मधमा कशाले उना?" मी आत आलोच कशाला, हा अक्काचा पहिला प्रश्न होता.

"तुनी नात फटीमा अडकेल व्हती म्हनीसन उनू," मी म्हणालो. एरवी मी अक्कासमोर आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला.

आधी नातीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून ती ठणठणीत असल्याचं सांगितलं. घरी परतल्यावर अक्काने पदराने डोळे पुसले आणि लगेच बंदोबस्त सांगितला. "आजपासून मी तिनाजोडे बठसू. च्या पाजसू. मी तिले जागी ठेवसू. झोपूच देवाव नही."

"किती दिवस?" मी विचारलं.

"तुले काय समजस यामा? हाई बायासनं काम शे."

"अक्का, माले बाळंतपन समजत नही. माले झोप समजस." आणि मग मी सुटलो. जे उंबऱ्याबाहेर इतके दिवस अडलं होतं ते सगळं बोलून टाकलं. म्हणालो, थकलेल्या माणसाला मऊ टेकू देऊन बसवलं की तो झोपतो. चहा पाजा, चिमटे काढा, देवाची शपथ घाला, झोपतो. मी एवढी वर्षं गाडी चालवली ती झोपेशी कुस्ती करून नाही. झापड आली की गाडी बाजूला घ्यायची, ब्रेक लावायचा आणि मागच्या लांब सीटवर आडवं व्हायचं. प्रवासी शिव्या घालत. घालू देत. जिथे झोपलो तरी काही बिघडणार नाही अशा जागी आधी पोचायचं, मग झोपायचं.

अक्का ऐकत होती, पण तिचा चेहरा हलला नाही. ती बोलली तेव्हा आवाज एकदम खाली गेला होता. "मना निंबाना कान आजून व्हास, नवल. तुले म्हाइत शे. वावरमातून थकीसन येऊ नि आडी पडीसन पाजू त्याले. मनाच करता त्याना कान गया."

निंबाचा एक कान लहानपणापासून वाहतो, एका बाजूने त्याला ऐकू येत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत. पण अक्का त्याचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरते आहे, हे मला तिचा सख्खा भाऊ असून ठाऊक नव्हतं. आता हिच्यापुढे काय बोलायचं? मी दिपमालेकडे बघितलं, आणि मनात म्हटलं, संपलं. ही आता मान डोलवणार.

दिपमाला बाळाला छातीशी धरून उभी होती. ती आमच्या बोलीत क्वचित बोलते. त्या दिवशी बोलली.

"फुई, मी झोपसूच."

अक्काने वर बघितलं.

"तू कितीबी जागी ठेव, मी झोपसूच. आज झोपले, उद्याही झोपेन. मला कळतसुद्धा नाही मी कधी झोपते." तिचा आवाज कापत होता पण थांबत नव्हता. "दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी मयुरी सिस्टरने मला कुशीवर झोपून कसं पाजायचं, अंथरूण कसं घालायचं, सगळं करून दाखवलं होतं. सोफ्यावर, खुर्चीत पाजताना झोप लागणं सगळ्यात वाईट, असं तिने दोनदा सांगितलं. मी तिला हो म्हणाले आणि घरी येऊन तुला हो म्हणाले. दोघींना हो म्हणणारी मीच. आता नाही म्हणणार."

"नि कान?" अक्का म्हणाली.

"ते पण विचारलं मी आज डॉक्टरांना. तुझं नाव घेतलं नाही. कुशीवर नीट पाजल्याने कान फुटत नाही, फुई. लहान मुलांना सर्दी होते, ती कानात उतरते, वेळेवर औषध मिळालं नाही तर कान वाहतो. निंबाभाऊचं तसंच झालं असणार. तेव्हा गावात डॉक्टर होता का?"

अक्का खाली बसली आणि लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

पुढचं मी उंबऱ्यावरून बघितलं आणि सांगतो, फेटा बांधला त्या दिवशीही माझी छाती इतकी फुगली नव्हती. माझी गरीब गाय त्या खोलीत अशी फिरली की डेपो मॅनेजरने बघत राहावं. सोफा बाहेर, म्हणजे तो मला ओढायला लावला. लोड बाहेर. पलंगावरची कापसाची मऊ गादी नको म्हणाली. माळ्यावरची पातळ, कडक गादी काढायला लावली आणि ती जमिनीवर, भिंतीपासून लांब अंथरली. वर एकच चादर, चारी बाजूंनी ताणून खोचलेली. मोहरीची उशी फडताळात. टोपडं, मोजे काढले, बाळाला साधं सुती झबलं घातलं. खिडकी उघडली, कूलर लावला, वारा बाळावर थेट येणार नाही असा वळवला. स्वतःचे केस बांधले, मंगळसूत्र काढून ठेवलं. शेजारी बाळासाठी वेगळी सपाट जागा केली.

"जागी असले तर पाजून झाल्यावर तिला इथे उताणी ठेवीन," ती म्हणाली. "आणि पाजतानाच झोप लागली, तर ही गादी अशी आहे की तोंडाजवळ काही येणार नाही. गादीवर आम्ही दोघीच. फुई, तू पण नाही. तुझं अंथरूण पलीकडे."

मग ती बाळाच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला हात लावायला गेली.

"नजर लागी!" अक्का ओरडली.

"झोपेत गळ्याला फास बसेल, फुई." दिपमालेने दोरा काढला आणि अक्काच्या हातात दिला. "तूच बांध. खिडकीच्या गजाला बांध. नजर आत येते ती तिथूनच ना?"

अक्काने दोरा हातात धरून थोडा वेळ विचार केला, मग उठून तो गजाला बांधला. चांगल्या दोन गाठी मारल्या.

राहिली गोधडी. दिपमालेने ती उचलली, तोंडाशी धरली. तिच्या आईची लुगडी होती ती. मग घडी करून अक्काच्या अंथरुणावर ठेवली आणि म्हणाली, "ही तू घे. बाळ मोठं झालं की मागून घेईल."

अक्काचं समाधान झालं होतं असं नाही. जेवताना तिने माझ्याकडे न बघता जाहीर केलं, "मी रातभर बठसू. मना डोयासमोर काय व्हस ते देखसू." दिपमाला म्हणाली, बस. अक्का भिंतीला टेकून, पाय पसरून बसली. मी दिवा मंद केला आणि बाहेर येऊन माझ्या खाटेवर पडलो. मला झोप आली का? नाही. मी एवढं भाषण ठोकलं होतं, पण ते गाडीचं होतं. हे माझ्या लेकीच्या लेकीचं होतं. काही चुकलं तर? अक्का म्हणाली तेच खरं निघालं तर? आत बाळ उठलं की मी उठून बसायचो. ते थांबलं की कान टवकारायचो.

उजाडलं तेव्हा आत सामसूम होती. कालच्या दुपारसारखीच. मी सरळ आत गेलो. या वेळी मी खाकरलोसुद्धा नाही.

अक्का भिंतीला टेकून गाढ झोपली होती. हनुवटी छातीवर, एका हातात जपमाळ. दिपमाला गादीवर कुशीवर, अंगावर पदर नीट, गुडघे पोटाशी, एक हात बाळाच्या डोक्याच्या वरच्या बाजूला मोकळा पडलेला. तीही झोपलेली. पाजता पाजताच झोपली होती, हे दिसतच होतं. आणि बाळ तिच्यापुढे उताणं, दोन्ही हात वर टाकलेले, तोंड उघडं. जवळ उशी नाही, घडी नाही, फट नाही. पोट वर जात होतं, खाली येत होतं. मी उभा राहून ते पोट बघत राहिलो.

राखणदार झोपलेली, आई झोपलेली, आणि पोराला काहीही झालं नव्हतं.

दिपमालेला कशाने तरी जाग आली. मला बघून ती ताडकन उठून बसली. "नाना! मी झोपले होते?" तिचा हात बाळाकडे गेला.

"झोपलीस ना," मी म्हणालो. "म्हणाली होतीस तसंच."

तिने बाळाकडे बघितलं. मग गादीकडे, मोकळ्या चादरीकडे. आणि मग माझी पोर रडली, कालपासून न रडलेलं सगळं रडली, आणि रडता रडता हसायला लागली.

त्या आवाजाने अक्का जागी झाली. "मी कोठे झोपनू?" ती कुणी न विचारता म्हणाली. "डोया मिटेल व्हतात फक्त." मग ती गुडघ्यांवर हात देत उठली, वाकली, बाळाच्या नाकापुढे तळवा धरून बराच वेळ थांबली. कान बघितले, एक आणि मग दुसरा. काहीच सापडलं नाही. तिने दिपमालेच्या डोक्यावर हात ठेवला.

"झोप माय. आजून झोप," ती म्हणाली. "आम्हले कोनी म्हनं नही असं कधी."

दिपमालेने पोरीला शेजारच्या तिच्या जागेवर उताणी ठेवलं आणि आडवी झाली. अक्का खोलीबाहेर आली, दार अर्धं ओढलं आणि दारातच बसली. आता तिला ओलांडून आत जायची कुणाची छाती नव्हती, माझीसुद्धा नाही.

मी अंगणात आलो. इतका अभिमान अंगात मावत नव्हता, कुणाला तरी सांगितल्याशिवाय तो खाली बसला नसता. धुळ्याला योगेंद्रला फोन लावला. इतक्या सकाळी सासऱ्याचा फोन बघून तो बिचारा घाबराघुबरा झाला.

"नाना, काय झालं?"

"काही झालं नाही," मी म्हणालो. "तेच सांगायला फोन केला."